पोर्शे बॉक्स्टर ९८६ सेकंडहँड: गाडीला साडेचार स्टार, विकत घेण्याच्या प्रकाराला दोन

इथे यूकेमध्ये पोर्शेची पहिली बॉक्स्टर (दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार), म्हणजे ९८६, जी १९९६ ला आली आणि २००४ पर्यंत बनत होती, ती आता साध्या वापरलेल्या हॅचबॅकच्या भावात मिळते हे आपल्या बऱ्याच लोकांना कळलंय, आणि दर उन्हाळ्यात जरा ऊन पडलं की कोणीतरी जाहिरातीची लिंक पाठवून विचारतंच, घेऊ का रे? माझ्याकडे ३.२ एस (३.२ लिटर इंजिनाची, जास्त ताकदीची) आहे, मॅन्युअल, आणि सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहितोय.

गाडी चालवायला जबरदस्त आहे, त्यात वादच नाही. इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मधोमध, फ्लॅट सिक्स (सहा आडवे सिलेंडर), स्टीअरिंग जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक, पीक डिस्ट्रिक्टमध्ये स्नेक पासवर छत उघडं टाकून थर्ड गियरमध्ये खेचली की आजच्या गाड्या चालवताना आपण काय मिस करतोय ते कळतं. लोक हेडलाइट्सना नावं ठेवतात, फ्राइड एग म्हणतात, म्हणू देत, त्याच लाइटमुळे आणि पुढचा भाग त्याच काळातल्या पोर्शे ९११ (९९६) सारखाच असल्यामुळे तर ती स्वस्त राहिलीये. प्रश्न गाडीचा नाही, प्रश्न हा आहे की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गाडी पाच-सात हजार पाउंडांत येते पण पार्ट्स आणि लेबर पोर्शेच्याच भावात, तिथे कोणी जुनी आहे म्हणून डिस्काउंट देत नाही.

आणि मेन लोचा म्हणजे इंजिन बघताच येत नाही. बॉनेट उघडलं की डिकी, मागची डिकी उघडली की तीही डिकीच, तिथे फक्त ऑइल आणि कूलंट टाकायची झाकणं. म्हणजे आपल्याकडे मामा-काका जसे बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, हं इंजिन चांगलंय म्हणतात ते इथे चालतच नाही. म्हणून मी म्हणतो आधी फाइल बघा, मग गाडी.

फाइल म्हणजे बिलं. सर्व्हिस बुकमधले शिक्के नाही, बिलं. कोणत्या तारखेला किती मायलेजवर काय बदललं ते. त्याआधी घरबसल्या सरकारी साइटवर नंबर टाकून एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) हिस्टरी बघा, फुकट आहे, प्रत्येक वर्षीचं मायलेज दिसतं, अॅडव्हायजरीज म्हणजे तपासणाऱ्याने दिलेल्या सूचना दिसतात. मी तर आधी अॅडव्हायजरीजच वाचतो. ब्रेक पाइप गंजलेत असं सलग दोन-तीन वर्षं लिहिलेलं असेल आणि कोणी हात लावला नसेल तर मालक कसा आहे ते समजून जा, कारण मागचे पाइप इंजिनच्या वरून जातात, तिथे हात पोचत नाही, त्यामुळे पाइप स्वस्त आणि लेबर महाग. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात त्याचा हा प्रताप. कर्ज बाकी आहे का, चोरीची किंवा राइट-ऑफ (अपघातानंतर विमा कंपनीने निकालात काढलेली) झालेली आहे का त्याचा पेड चेक वेगळा करा, तिथे वीस पाउंड वाचवू नका.

कमी मायलेज बघून भाळू नका. वीस वर्षांत पंचवीस हजार मैल चाललेली, कव्हर घालून ठेवलेली गाडी दिसते छान, पण तिचे रबर, सील, टायर सगळं वाळलेलं असतं. मला विचाराल तर ऐंशी-नव्वद हजार मैल चाललेली, रोज वापरातली, जाड फाइल असलेली गाडी कधीही बरी.

आता आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंग. हे नाव गुगलवर वाचून अर्धे लोक घाबरून विचारच सोडतात. इंजिनमध्ये क्रँककडून कॅमच्या चेनना फिरवणारा एक मधला शाफ्ट असतो, त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे, सील खराब झालं की आतलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग तुटलं की टायमिंग गेलं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले की इंजिन भंगारात. सुरुवातीच्या गाड्यांत डबल-रो (बॉलच्या दोन रांगांचं) बेअरिंग होतं, ते दणकट. साधारण २००० पासून सिंगल-रो आलं, त्याचा त्रास जास्त. बहुतेक गाड्यांना काही होत नाही हेही खरंय, पण झालं तर गाडीच्या किमतीपेक्षा इंजिन महाग पडतं. बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो म्हणून क्लच, मागचं क्रँक सील आणि हे बेअरिंग एकदमच करून घेतात. त्यामुळे फाइलमध्ये नवीन क्लचचं बिल असेल आणि बेअरिंगचा उल्लेखच नसेल तर विचारा, का नाही केलं? उत्तर देताना माणूस कसा चाचरतो ते बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर थोडं तेल पाझरलेलं मात्र खूप गाड्यांत दिसतं, त्याने मरत नाही, भाव कमी करायला वापरा.

गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचलात की आधी एक्झॉस्टला हात लावा, गरम असेल तर काहीतरी लपवतोय. थंड इंजिन चालू केल्यावर निळसर धुराचा एक छोटा भपकारा आला तर ठीक आहे, सिलेंडर आडवे असल्याने थोडं तेल आत राहतं. पण पांढरा धूर थांबेचना, शेजारीपाजारी खिडकीतून बघायला लागले, तर एअर ऑइल सेपरेटर (इंजिनमधल्या वाफेतलं तेल वेगळं करणारा भाग) गेलाय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून ओढल्यासारखं घट्ट धरून बसलं तरी तोच आजार. चेनचा खडखडाट एक-दोन सेकंदांत थांबला पाहिजे.

मग मागच्या डिकीतलं कार्पेट उचला. ओलं असेल किंवा कूलंटचे डाग असतील तर कूलंटची टाकी तडकलीये, प्लॅस्टिकची आहे, वयाने तडकतेच. एसी लावा आणि पुढे जाऊन दोन्ही बाजूचे पंखे फिरतात का ऐका. रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आहेत, त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर, तिथे सुकी पानं जाऊन बसतात, ओली होतात आणि सगळं कुजवतात. टॉर्च मारून बघा.

पाण्याबद्दल जरा जास्तच बोलतो कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. छताचं पाणी वाहून जायला मागच्या चाकांपुढे दोन्ही बाजूंना ड्रेन आहेत, त्यात पानं अडकली की पाणी थेट केबिनमध्ये, आणि सीटखाली अलार्म-इमोबिलायझरचा कंट्रोल युनिट बसवलाय, आता तिथे का बसवला ते स्टुटगार्टच्या पोर्शेवाल्यांनाच माहीत. तो भिजला की गाडी चालूच होत नाही. सीटखाली हात घालून कार्पेट दाबून बघा, वास घ्या. छत दोन-तीनदा उघडबंद करा, हँडब्रेक ओढल्याशिवाय चालत नाही हे लक्षात ठेवा. २००३ मॉडेलच्या आधी मागची खिडकी प्लॅस्टिकची, छत अर्ध्यावर थांबवून हाताने घडीवर एक चापट मारून ती नीट दुमडावी लागते, थंडीत हे केलं नाही तर चीर जाते. नंतर काच आली, जमलं तर तीच घ्या.

टेस्ट ड्राइव्ह अर्धा तास तरी. खड्ड्यावर पुढून ठक ठक आलं तर सस्पेन्शनचे आर्म, आणि पुढच्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलेला असतो तोही बघा. अॅक्सिलरेटर दाबल्यावर अडखळली तर बहुतेक इग्निशन कॉइल तडकलेत, ते फार महाग नाहीत.

एवढं करूनही शेवटी स्पेशालिस्टकडून इन्स्पेक्शन कराच. मी एका इंडिपेंडंट पोर्शे गॅरेजकडून करून घेतलं, दोन-अडीचशे पाउंड गेले. त्यांनी लिफ्टवर घेतली, लॅपटॉप लावून इंजिन रेडलाइनच्या (आरपीएमच्या कमाल मर्यादेच्या) पुढे किती वेळा गेलंय ते काढलं, इंजिनचे तास आणि मायलेज जुळतंय का बघितलं. एका डीलरने आधी दाखवलेली गाडी लिफ्टवर घ्यायला नकारच दिला होता, म्हणे आमचा स्वतःचा रिपोर्ट आहे. अशा ठिकाणी वेळ घालवू नका, राम राम करून निघा.

कुठली घ्यायची? पैसे असतील तर २००३-०४ ची ३.२ एस, २६० हॉर्सपॉवर, नाहीतर २.७ पण मस्त आहे. २.५ स्वस्त मिळते, वाईट नाही. टिपट्रॉनिक (पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मी घेणार नाही, पण रोज एम२५ वर (लंडनभोवतीच्या मोटरवेवर) अडकणाऱ्यांचं मत वेगळं असू शकतं. काही विक्रेते अस्सल जर्मनीत बनलेली म्हणून जास्त मागतात, व्हीआयएनमधलं (चॅसी नंबरमधलं) अकरावं अक्षर यू असेल तर ती फिनलंडमध्ये बनलीये, त्याने काडीचाही फरक पडत नाही. रोड टॅक्समध्ये गंमत अशी की १ मार्च २००१ पासून २३ मार्च २००६ च्या आधीपर्यंत रजिस्टर झालेल्या गाड्यांना कितीही सीओटू सोडला तरी टॅक्सच्या एका बँडवर कॅप आहे, त्यानंतर रजिस्टर झालेल्या ९८७ ला (पुढच्या पिढीच्या बॉक्स्टरला) तो फायदा नाही. लंडनमध्ये राहात असाल तर युलेझला (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना रोज पैसे भरायला लावणारा लंडनचा झोन) चालते का ते नंबर टाकून बघा, नाहीतर रोजचे साडेबारा पाउंड. आणि परत जाताना भारतात नेऊ असं मनात असेल तर विसरा, तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी तिकडे आणू देत नाहीत.

पैसे ट्रान्सफर करायच्या आधी दोन किल्ल्या, रेडिओचा कोड आणि लॉकिंग व्हील नटची चावी हातात घ्या, ती चावी हरवलेली असेल तर पहिल्याच पंक्चरला रस्त्यात बसावं लागेल. आणि पुढची डिकी कशी उघडते ते विचारून ठेवा, नंतरच्या मॉडेल्समध्ये ती बटणावर आहे आणि बॅटरी त्या डिकीतच असते, बॅटरी डाउन झाली की फ्यूज बॉक्समधल्या टर्मिनलला करंट देऊन उघडावी लागते.