बॅटरीचं ब्रश कटर: चौदा महिने आणि एक मे महिना

आधीच सांगतो, मी पेट्रोलवाला माणूस. एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं इंजिनं खोलली नि बसवली. डाव्या कानाने कमी ऐकू येतं ती त्याचीच कमाई. मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावर मी बॅटरीवर चालणारं ब्रश कटर (गवत कापायचं मशीन) घरी आणलं तेव्हा गल्लीत सगळ्यांना वाटलं, आप्पाला कुणीतरी गंडवलं.

चोपडा तालुक्यात माझी साडेचार एकर केळी. ठिबक असल्यामुळे बांधावर आणि नळ्यांच्या कडेला बाराही महिने ओल, आणि ओल म्हटली की गाजरगवत, लव्हाळा, हराळी आलीच. हे नुसतं दिसायला वाईट म्हणून काढायचं नसतं. केळीवर जो सीएमव्ही नावाचा रोग येतो, पानावर पिवळे पट्टे पडून झाड जागच्या जागी बसतं तो, त्याचा विषाणू तणावर आणि काकडीवर्गीय वेलींवर मुक्कामाला असतो आणि मावा त्याला उचलून केळीवर आणतो. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर कापूस वेचणीच्या दिवसांत अजिबात मिळत नाहीत. तणनाशकाचं म्हणाल तर ग्लायफोसेटवर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढलेली आहे, ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनी मारायचं. आणि वाऱ्याने चार थेंब केळीच्या पिलावर उडाले तर आपलंच नुकसान. म्हणून गवत कापायचं मशीन.

जुनं मशीन ५२ सीसीचं, टू-स्ट्रोक, २०१९ साली साडेनऊ हजाराला घेतलेलं. अजून चालतं. पण चालू करायचा सोहळा बघा: लिटरला ४० मिली ऑइल मोजून घालायचं, डबा हलवायचा, रबरी फुगा सात-आठ वेळा दाबायचा, चोक लावायचा आणि मग दोरी. पहिल्या चार ओढींत नाही लागलं तर प्लग ओला झाला समजा. प्लग काढा, पुसा, उन्हात ठेवा, बिडी ओढा.

त्यात हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मोटरसायकलच्या टाकीत पेट्रोल चार दिवसांत संपतं, म्हणून तिथे एवढं जाणवत नाही. ब्रश कटरमध्ये तेच पेट्रोल दीड-दोन महिने पडून राहतं. मी एकदा काचेच्या मापात ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घालून हलवून ठेवलं. पाणी खाली बसलं खरं, पण वीसच्या रेघेवर नाही, पस्तिसाच्या जवळ. वरचं जे वाढलं ते इथेनॉल, पेट्रोल सोडून पाण्याच्या घरी नांदायला गेलेलं. टाकीच्या बुडाशी हेच होतं. कार्ब्युरेटर खोलला तर आतला पडदा कडक झालेला आणि जेटात पांढरा चिकट गाळ. मला ते साफ करता येतं. ज्याला येत नाही तो दर पावसाळ्यात तीन-चारशे रुपये देतो.

तर नवीन मशीन. ४० व्होल्टचं, ४ अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या, ब्रशलेस मोटर. एक बॅटरी आणि चार्जर धरून साडेचौदा हजार, दुसरी बॅटरी वेगळी सहा हजाराला. म्हणजे साडेवीस हजार, जुन्याच्या दुपटीहून जास्त. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खोलून बघितलं तर असल्या पाच-सहा नावांच्या मशिनांत मोटर एकच दिसते, स्टिकर तेवढं वेगळं. दुसरी बॅटरी न घेता हे मशीन घ्यायचं असेल तर घेऊच नका, पैसे वाया.

पहिल्या दिवशी बांधावर उभा राहून बटण दाबलं. शेजारचा वाटेकरी येऊन विचारतो, “आप्पा, मशीन चालू शे का बंद शे?” पात्याच्या जागी लावलेली दोरी फिरत होती. आवाज एवढाच की नायलॉनची दोरी हवा कापते तो सूं सूं. पेट्रोलचं मशीन कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास ओरडतं. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, हे लग्नाच्या डीजेमुळे सगळ्यांना तोंडपाठ झालंय, पण गवत कापताना ते कोण आठवतो?

ताकद. कोवळं गवत, लव्हाळा, गुडघ्याएवढं गाजरगवत हे सगळं नायलॉन दोरीवर आरामात. एक बॅटरी मला पंचवीस मिनिटं पुरते, हात सैल ठेवला तर तीस. बांधावर वाळलेली तुरीची खुंटं, बाभळीची रोपं किंवा तीन पात्यांचं लोखंडी ब्लेड लावून दाट कुंदा कापायचा झाला तर पंधरा मिनिटांत दिवा लाल. हिशेबच तसा आहे. ४० गुणिले ४, म्हणजे १६० वॉट-तास, युनिटचा सहावा हिस्सासुद्धा नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटच्या आसपास जीव असतो. टू-स्ट्रोकने त्यातला मोठा भाग उष्णतेत आणि धुरात घालवला तरी उरलेलं पाच-सात बॅटऱ्यांना भारी. दिवसभर भाड्याने गवत कापून देणाऱ्या पोराला मी हे मशीन घ्यायला सांगणार नाही. तो दुपारपर्यंत झाडाखाली चार्जिंगची वाट बघत बसेल, आणि शेतावर चार्जिंग आहेच कुठे? आमच्या शेतीच्या फीडरची वीज आठ तासांची, तीही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. चार्जिंग गावातल्या घरी करायचं आणि बॅटऱ्या मोटरसायकलच्या डिकीत घालून न्यायच्या.

खर्च मात्र ऐकण्यासारखा आहे. बॅटरी भरायला दोन रुपयांची वीजही लागत नाही. पेट्रोलचं मशीन तासाला पाऊण लिटर पितं, वर ऑइल. आणि ते पेट्रोल आणायचं म्हणजे पंपावर पोराच्या विनवण्या, कारण बाटलीत द्यायचं नाही अशी पाटी लागलेली असते. मी मोटरसायकलच्या टाकीतून नळीने काढायचो. तोंडात गेलेल्या पेट्रोलची चव दोन जेवणं जात नाही.

आता कॅलिफोर्नियाची गोष्ट. पुतण्या तिकडे फ्रीमाँटला असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर जुनं मशीन दाखवलं तर म्हणाला, “काका, हे तर आमच्याकडे बॅन आहे.” मला वाटलं, पोलीस येऊन उचलून नेतात की काय. मग निवांत बसून माहिती काढली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या गव्हर्नरने एबी १३४६ नावाच्या विधेयकावर सही केली. त्यावरून झालेल्या नियमांत २५ हॉर्सपॉवरपर्यंतच्या छोट्या इंजिनांची नवी मशिनं २०२४ पासून धूर न सोडणारी हवीत. जनरेटरला त्यासाठी २०२८ पर्यंत मुदत आहे. जुनं मशीन कुणी काढून घेत नाही, मरेपर्यंत वापरा. वॉशिंग्टन शहर मात्र कडक, तिथे १ जानेवारी २०२२ पासून पाला उडवायचे पेट्रोलचे ब्लोअर विकायलाही बंदी आणि वापरायलाही.

कारणही दमदार आहे. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने हिशेब मांडलाय की धंद्यातला पेट्रोलचा ब्लोअर तासभर चालवला तर धुरकं करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं व्हायला २०१७ ची कॅमरी गाडी अकराशे मैल चालवावी लागते. म्हणजे सतराशे किलोमीटरच्या वर. जळगावहून निघालात तर हावडा मागे टाकून पुढे. वाचणाऱ्याला हे खोटं वाटेल, मला नाही वाटलं. टू-स्ट्रोकला वेगळे व्हॉल्व्ह नसतात. नवीन पेट्रोल-हवा आत येते तेव्हा धूर जायचं दार उघडंच असतं, त्यामुळे बरंच कोरं पेट्रोल न जळताच बाहेर. सायलेन्सरच्या तोंडाशी जे काळं तेल साचतं ते काय उगाच? माझी म्हैस बांधावर पेट्रोलच्या मशीनने कापलेलं गवत हुंगून तोंड फिरवायची. बॅटरीने कापलेलं खाते. प्रयोगशाळेचा पुरावा नाही, गव्हाणीचा आहे.

आणि खरी गंमत पुढे. त्याच नियमांतून ४० सीसी आणि वरची, पातं बसवता येणारी ब्रश कटर वगळलेली आहेत, कारण ती शेती-बांधकामाची अवजारं धरली जातात आणि अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यामुळे तिथे राज्याचा हात पोहोचत नाही. म्हणजे माझं ५२ सीसीचं धूर ओकणारं मशीन कॅलिफोर्नियाच्या त्या नियमांतून सुटतं, आणि ३५ सीसीचं बिचारं फोर-स्ट्रोक, जे निम्मासुद्धा धूर करत नाही, ते अडकतं! पुतण्याला सांगितलं तर म्हणाला, “काका, तुम्ही वकील व्हायला हवं होतं.”

आपल्याकडे तर हे कायद्याविनाच झालं, फवारणी पंपाचं. दहा वर्षांमागे कपाशीवर फवारायला पेट्रोलचा पंप पाठीवर घेऊन लोक थरथरत चालायचे. आज कुठल्याही गावात जा, १६ लिटरचा, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा पंप दर दुसऱ्या ओट्यावर चार्जिंगला लावलेला. २०२४ मध्ये सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर त्याचे अनुदानाचे अर्जही निघाले होते, पण लोकांनी त्याआधीच घेतले होते. कुणी बंदी घातली नव्हती. पंपाला ताकद कमी लागते, म्हणून बॅटरी पुरली. ब्रश कटरला ती तितकी पुरत नाही, म्हणून अजून कुरबूर.

मे महिन्याबद्दल लिहायचं राहिलं. खान्देशातला मे, पारा ४५ च्या वर. सकाळी बॅटरी संपवून आणली, पत्र्याच्या पडवीत चार्जरला लावली, तर तांबडा दिवा लुकलुक लुकलुक आणि चार्जिंग शून्य. मला वाटलं गेली. पण लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज घेत नाही, आतलं सर्किटच अडवतं, आणि ते बरोबरच आहे. आमच्या पत्र्याखाली दुपारी हात ठेववत नाही. शेवटी माजघरात, माठाशेजारच्या फळीवर जागा केली. वापरून गरम झालेली बॅटरी तासभर नुसती ठेवायची, मग लावायची. हे पुस्तिकेत कुठेतरी बारीक अक्षरात असतं, दुकानदाराने सांगायला हवं होतं.

दुकानदाराचं नाव काढलंच आहे तर ऐका. ऑगस्टात विजेचा दाब वरखाली झाला आणि चार्जर गेला. दुकानात नेला तर “कंपनीला पाठवावा लागेल.” पाठवला. २६ दिवस. पावसाळ्याचे २६ दिवस म्हणजे गवत कमरेला. वॉरंटीत असून कुरिअरचे चारशे रुपये माझ्याकडूनच. मी तो चार्जर स्वतः खोलला असता, पण सील तोडलं की वॉरंटी गेली. पेट्रोलचं मशीन बंद पडलं तर निंबाखाली गोणपाट अंथरून तासाभरात उभं करतो. या डब्यात मला काहीच करता येत नाही, ३१ वर्षांचा अनुभव बिनकामाचा. तेवढे दिवस जुनं मशीन काढलं, आणि त्याने ठिबकची १६ एमएमची नळी तीन ठिकाणी कापली ते वेगळंच. लोखंडी पातं नळीला ओळखत नाही. नळ्यांजवळ नायलॉन दोरीच लावा, मशीन कुठलंही असो. आणि केळीच्या खोडापासून हातभर लांब राहा, दोरीनेसुद्धा साल सोलते.

एक गोष्ट मी धरलीच नव्हती. जुन्या मशीनला घरात दुसरं कुणी हात लावत नव्हतं. दोरी ओढायला खांद्यात जोर लागतो, आणि पाठीला आठ-नऊ किलो. हे बॅटरीसकट साडेपाच. जुलैत मला ताप आला होता, चार दिवस पडून होतो. पाचव्या दिवशी सकाळी खिडकीतून बघतो तर आमच्या सौ. परसात, माझा गॉगल लावून, गोठ्यामागचं गाजरगवत कापत होत्या. मी ओरडलो की बूट घाला पायात. त्यांनी मशीन बंद केलं आणि म्हणाल्या, “माले दोरी वढाले सांगू नका, बाकी मी करी लिसू.” तेव्हापासून परसाचं आणि रस्त्याकडच्या बांधाचं काम त्यांच्याकडे आहे. आठवड्याला एक बॅटरी त्यांची, ती मी घेतली की बोलणी खावी लागतात.

त्यामुळे तिसरी बॅटरी घ्यायची आहे. केळीच्या कांदेबाग हंगामाच्या लागवडीआधी घेईन, पण दुकानदाराने कुरिअरचे चारशे त्यात वळते केले तरच.