कचराळी, तलावपाळी, उपवन की येऊर? फजिती बघून जागा ठरवा

ठाण्यात चालायला कुठे जावं, असं कुणी विचारलं की बाकीचे हवा, झाडी आणि घरापासूनचं अंतर सांगतात. मी आधी तिथे फजिती कुठली होते ते सांगते. माझा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ आला, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा, तेव्हापासून मी चालते आहे. एवढ्या काळात आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी चालणं सुरू केलं आणि सोडलंही. हवा वाईट म्हणून सोडलेलं मला एकही माणूस आठवत नाही. कुणाच्या मागे कुत्रा लागला, कुणी शेवाळावर घसरलं, कुणाच्या टाळूवर कावळ्याने चोच मारली. दुसऱ्या दिवशी गजर वाजला, तो बंद केला, आणि चालणं तिथेच संपलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम करायला सांगते. ती मिनिटं महिनोन्महिने भरायची, तर फजिती झाल्यावरही जिथे परत जावंसं वाटेल अशी जागा हवी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं पहिलं उत्तर कचराळी. पाचपाखाडीत, महापालिकेच्या मुख्यालयाशेजारी. तलावाभोवतीच्या वाटेवर गाडी येत नाही, दमलात तर बाक जवळ, आणि सकाळी इतकी माणसं असतात की चक्कर आलीच तर चार हात लगेच पुढे होतात. अडचण एकच, ती म्हणजे ओळखी. दुसऱ्याच फेरीत कुणीतरी थांबवतं, मुलीच्या लग्नाचं विचारतं आणि वीस मिनिटं उभ्यानेच जातात. थांबायचं नाही, 'चला, चालता चालता बोलू' म्हणायचं. त्याचा राग कुणालाही येत नाही.

आणि कावळे. एप्रिल ते जून त्यांची वीण असते. उडता न येणारं पिल्लू खालच्या फांदीवर येऊन बसलं की खालून जाणारा प्रत्येक माणूस आईबापाला शत्रू वाटतो, आणि ते नेहमी मागून येतात. एका मे महिन्यात माझ्या नवऱ्याला सलग दोन दिवस टपली बसली. तिसऱ्या दिवशी तो लख्ख उन्हात छत्री उघडून फेऱ्या मारायला लागला. लोक हसले. चौथ्या दिवशी त्याच्या मागून आणखी तीन छत्र्या निघाल्या, आणि त्यातली एक आदल्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसलेल्या काकांची होती. कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात हे खरंच आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुखवटे घालून कावळे पकडले, तर पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कालवा करत. त्यामुळे दगड उचलू नका. छत्री घ्या, नाहीतर आठ-दहा दिवस ते झाड टाळा. पिल्लू उडालं की प्रश्न मिटतो.

तलावपाळी मला मनापासून आवडते. कौपिनेश्वराच्या घंटा, समोर गडकरी रंगायतन, मधे पाणी. पण रोजच्या चालण्यासाठी मी ती सुचवणार नाही. शेजारीच रहदारीचा रस्ता आहे, आणि सकाळ जरा पुढे सरकली की पायापेक्षा हॉर्नच जास्त चालतात. शिवाय सणाला तिथे चालणं विसराच. माझी मैत्रीण दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या दिवशी, तारीख लक्षात न राहून, ट्रॅकपँट घालून नेहमीसारखी तिथे पोचली. दिवाळी पहाटेला अख्ख्या ठाण्यातली तरुणाई तिथे लोटते. पैठण्या आणि झब्ब्यांच्या त्या गर्दीत ती दीड तास अडकली, पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. अनोळखी मुलींनी तिला आपल्या फोटोत मधोमध उभं केलं. तो फोटो आजही तिच्या घरी फ्रिजवर लावलेला आहे, आणि चालणं तिने सोडलं नाही. फजिती अशी असावी.

उपवनला हवा खरोखर वेगळी. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी पहाटेचा गारवा जाणवतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये सावलीतल्या फरश्यांवर शेवाळ धरतं. तिथे घसरणं हसण्यावारी नेऊ नका, पन्नाशीनंतर मनगट मोडलं की सहा आठवडे जातात. पावसाळ्यात मी वाटेच्या मधूनच चालते आणि सोल गुळगुळीत झालेला जोडा घालत नाही.

कुत्र्यांचं म्हणाल, तर ते धावणाऱ्याच्या मागे लागतात, चालणाऱ्याकडे बहुधा बघतही नाहीत. आमच्या शेजारच्या वहिनी धावत होत्या, कुत्रा मागे लागला, तशा त्या बाकावर चढून उभ्या राहिल्या. कुत्रा खाली शेपूट हलवत बसून राहिला. पंधरा मिनिटांनी एका मुलाने सांगितलं, 'काकू, तुमच्या खिशातल्या बिस्किटांचा वास लागलाय त्याला.' पुडा रिकामा झाला, वहिनी खाली उतरल्या. कुत्रा अंगावर आलाच तर पळू नका, थांबा, डोळ्याला डोळा न भिडवता हळू बाजूला व्हा. चावला किंवा नुसता ओरखडा आला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. यात हयगय नको.

येऊर सगळ्यात सुंदर, पण नवख्यासाठी सगळ्यात अवघड. चढाला दम लागतो आणि उताराला गुडघे बोलतात. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, इथे बिबट्याचं घर आहे. म्हणून पूर्ण उजाडल्यावरच जा, सोबतीने जा, कानात काही घालू नका. माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. माझ्या भावाच्या हातातून एकाने पिशवी ओढून नेली. केळी खाल्ली आणि घराच्या किल्ल्या फांदीवर ठेवल्या. त्या खाली पडेपर्यंत आम्ही पाऊण तास माना वर करून उभे होतो.

माझ्या बुटाचा सोलही इथेच निघाला. जोडा चांगला होता, पण चार वर्षं माळ्यावर पडून होता. पॉलियुरेथेनचा सोल न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून विरघळत जातो आणि आपली दमट हवा त्याला पुरेशी असते. चढाच्या मध्यावर तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला. पाड्यावरच्या एका मावशींनी रानभाज्यांच्या जुड्या बांधायची सुतळी दिली, बूट बांधूनही दिला, आणि मी नीट खाली आले. तेव्हापासून जुना जोडा मी आधी दोन्ही हातांनी वाकवून बघते.

माझी बहीण नेरुळला राहते. तिच्याकडे गेले की आम्ही तिथल्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेत फेऱ्या मारतो. मोकळं आकाश तिथे जास्त, पण संध्याकाळी खाडीकडून डास येतात. सकाळी गेलात तर उत्तमच.

तेव्हा गुडघे दुखत असतील, साखर नुकतीच निघाली असेल किंवा एकटं जायचं असेल, तर कचराळी. तीन-चार महिने सवय टिकली की रविवारी उपवन. येऊर थंडीत, सोबत बघून. तलावपाळीला फेरफटका म्हणून जा, शक्यतो घरच्यांबरोबर. सुरुवात मे महिन्यातच करणार असाल, तर पहिल्या दिवसापासून छत्री घेऊन निघा. कचराळीला आता त्यावर कुणी हसत नाही.