तीन पावसाळे उभी राहिलेली बॉक्स्टर आणि मिरजेतले मामा

बरेच दिवस उभी असलेली गाडी, त्यातून स्पोर्ट्स कार, सांगली-मिरज-कुपवाड भागात कुणाच्या हातात द्यावी असं कुणी विचारलं तर मी मिरजेतल्या मामांचं गॅरेज सांगतो. पाटी नाही. जुन्या वर्कशॉपांच्या ओळीतला शेवटचा मोठा गाळा. आसपास कुणालाही 'मामांचं गॅरेज' म्हटलं की बोट करून दाखवतात. पाचपैकी साडेचार तारे देतोय. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. पोर्शे बॉक्स्टर, २०११ची, २.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २५५ पीएस, मॅन्युअल गिअर. तो नोकरीसाठी अबुधाबीला गेला आणि गाडी गणपती पेठेजवळच्या आमच्या जुन्या घरामागच्या शेडमध्ये राहिली. तीन पावसाळे तिथेच. मीटरवर तीस हजार किलोमीटरसुद्धा नाहीत, म्हणून घरात सगळे धरून चालले होते की गाडी नव्यासारखीच असणार. गाडी चालून झिजते हे खरं. पण उभी राहिली की ती भलत्याच ठिकाणी खराब होते, आणि ते मीटरवर दिसत नाही. आमचा धंदा हळदीचा. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राहायची, कारण माल वाळवलेला आणि वरून तोंड लिंपून बंद केलेलं. गाडीत तेल, पेट्रोल, पाणी, रबर, कापड, तांबं असं सगळं एकत्र नांदतं, आणि शेडमधली हवा जूनपासून दिवाळीपर्यंत ओली. तिला पेवाचा नियम लागू होत नाही.

घाई झाली ती कृष्णा नदीमुळे. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ला धोका, हे सांगलीत लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ला आणि २०२१ला त्याच शेडमध्ये पाणी शिरलं होतं. तेव्हा ही गाडी इथे नव्हती. यंदा उन्हाळ्यात शेड आवरायला काढली तेव्हा कळलं की गाडी जागची हलतच नाही. बॅटरी संपलेली, मागची चाकं जाम. उद्या पुराचा इशारा आला तर गावातल्या बाकी गाड्या उंचावरच्या विश्रामबागकडे निघतील आणि ही तिथेच राहील. एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपला फोन केला. 'दुसऱ्या बॅटरीवरून जंपर लावून स्टार्ट करा आणि चालवतच घेऊन या' असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मामा स्वतः घरी आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिलं वाक्य बोलले, "शेठ, चावीला हात लावायचा न्हाई. आदी बगू आत काय हाय." मला या माणसाबद्दल विश्वास वाटला तो इथे. इतके दिवस बंद असलेलं इंजिन एकदम फिरवलं तर कोरड्या सिलिंडरवर पिस्टनच्या रिंगा घासतात, सडलेलं पेट्रोल ते फवारणाऱ्या इंजेक्टरात शिरतं, आणि उंदरानं कुरतडलेली वायर असेल तर ती तापते. वीस मिनिटांचा उत्साह लाखाच्या घरात जाऊ शकतो.

बॉक्स्टरची बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी विजेवर उघडते. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचायची वाटच बंद. मामांना हे ठाऊक होतं. पायाजवळच्या फ्यूज बॉक्सचं झाकण काढून त्यांनी आतली लाल पट्टी बाहेर ओढली, बाहेरच्या बॅटरीची प्लस वायर तिला लावली आणि मायनस दाराच्या लोखंडी कडीला. गाडी लॉक केलेली होती, त्यामुळे वीज मिळताच अलार्म बोंबलायला लागला आणि अख्खी गल्ली शेडच्या दारात जमा झाली. मामांनी शांतपणे किल्लीनं तो बंद केला आणि डिकी उघडली.

आत बॅटरीच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण उचललं तर एसीच्या फिल्टरशेजारी उंदराचं घरटं. आमच्याच हळदीच्या पोत्यांचा ताग, बारीक कातरून गोल रचलेला, धागा न् धागा पिवळाधमक. शेजारच्या वायरिंगवर तीन ठिकाणी दातांच्या खुणा, एका ठिकाणी तांबं उघडं पडलेलं. जंपर लावून त्या दिवशी स्टार्टर मारला असता तर काय झालं असतं याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. मामांनी ती वायर कापून नवा तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली. टेप गुंडाळून मोकळे झाले नाहीत.

बॅटरीचं गणित त्यांनी मला कागदावर मांडून दाखवलं. गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोट, घड्याळ यांना थोडा करंट लागतोच. तो ५० मिलिअँपियर धरला तर दिवसाला १.२ अँपियर-तास. ७० अँपियर-तासांची बॅटरी दोन महिन्यांत तळाला जाते. आणि रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग कितीही चार्ज करा, ती धरत नाही. जुनी बॅटरी त्यांनी चार्जरला लावून बघितली खरी, पण लोड टेस्टला, म्हणजे जोराचा करंट ओढून बघितल्यावर, ती टिकली नाही. नवीच घ्यावी लागली.

एक बारीक गोष्ट. या गाडीच्या दाराच्या काचेला चौकट नाही. दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली सरकते आणि बंद केलं की वर जाऊन रबरात बसते. बॅटरी मेलेली असताना ती सरकत नाही. मामांच्या पोऱ्यानं दार ओढायला हात घातला तसं मामांनी त्याला थांबवलं, काच दोन्ही हातांनी आत दाबून धरली आणि मगच दार हळू उघडलं. रबर शाबूत राहिलं. नवी बॅटरी बसल्यावर काचांना वरची हद्द पुन्हा शिकवावी लागते, तेही न सांगता केलं.

मागची चाकं जाम होती ती हँडब्रेकमुळे. या गाडीत हँडब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक धरणारे पट्टे, वेगळे असतात, मागच्या ब्रेक डिस्कच्या पोटातल्या छोट्या ड्रममध्ये. हँडब्रेक ओढून गाडी महिनोन् महिने उभी राहिली की लायनर आणि ड्रम गंजानं एकमेकांना धरून बसतात. जोर लावून गाडी ओढली असती तर लायनर सुटून आले असते. मामांनी चाकं काढली, बोल्टच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून आतला ॲडजस्टर सैल केला आणि लाकडी हातोड्यानं डिस्कला चौफेर ठोके दिले. दुसरी बाजू सुटायला बराच वेळ गेला. सुटली तेव्हा तांबडी धूळ भसाभसा खाली पडली. डिस्कवरही गंज होता. त्यांनी मायक्रोमीटरनं जाडी मोजली, डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहिली आणि म्हणाले, "बदलायची गरज न्हाई, चालवली की घासून निघंल." नवीन डिस्क गळ्यात मारायची संधी होती, मारली नाही.

मग गाडी टो करून मिरजेला नेली. इंजिनाचं काम मी बाजूला उभं राहून पाहिलं, कारण मला ते पाहायचंच होतं. या इंजिनात सिलिंडर आडवे असतात, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. ठिणगी पाडणारे प्लग काढून प्रत्येक भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला आणि मोबाईलच्या पडद्यावर सिलिंडरच्या भिंती एकेक करून मला दाखवल्या. ओरखडे नव्हते. मग थोडं थोडं तेल आत सोडलं, रात्रभर मुरू दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. कुठे अडत नाही ना, हे हाताला कळतं म्हणे. ऑइल आणि फिल्टर बदलून, टाकीतल्या पेट्रोल पंपाचा रिले (विजेचा स्विच) काढून, प्लगांशिवाय स्टार्टर मारला, म्हणजे ठिणगी नाही, पेट्रोल नाही, फक्त तेल वरपर्यंत चढावं म्हणून. तेलाचा दाब आला तेव्हा प्लग बसवले.

पेट्रोलचा वेगळा विषय आहे आणि आपल्या जिल्ह्याला तो जवळचा आहे. आपल्याच उसाचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होऊन भरत राहते, तेव्हा हा त्रास होत नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकी पाव भरलेली असेल तर वरच्या मोकळ्या जागेत दिवस-रात्र ओली हवा ये-जा करते, आणि पाणी पुरेसं साचलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी वेगळं बसतं, नेमकं पंप ओढतो तिथे. उरलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून गेलेला असतो आणि बाकीच्याचा चिकट थर धरतो. मामांनी टाकी उपसून काचेच्या बरणीत नमुना धरला. खाली ढगाळ थर, वर पिवळट, वास वार्निशचा. इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिकमध्ये धुतले आणि सहाही इंजेक्टर सारखं पेट्रोल टाकतात का ते नळ्यांत मोजून दाखवलं. टाकी प्लास्टिकची असल्यानं गंज नव्हता, पण आतला पंप गेला होता. तो पुण्याहून मागवला.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मागून निळा धूर इतका आला की मी घाबरलो. मामा म्हणाले थांबा. आडव्या सिलिंडरात तेल खालच्या बाजूला साचून राहतं, ते जळतंय. काही मिनिटांत धूर गेला आणि त्या इंजिनाचा जो आवाज आहे तो स्वच्छ ऐकू आला. भावाला व्हिडिओ कॉल लावला होता. तो काही बोलला नाही, नुसतं ऐकत राहिला.

ब्रेक ऑइल तपकिरी झालेलं होतं, सगळं बदललं. तेही पाणी ओढतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेल्याला १५५पर्यंतचीच हमी असते. घाटात सतत ब्रेक लावल्यावर याचा अर्थ काय होतो ते आंबा घाटातून उतरणाऱ्यांना सांगायला नको. टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूला कोरलेला आकडा २२१७, म्हणजे २०१७च्या बाविसाव्या आठवड्यातले. साइडवॉलला बारीक भेगा आणि टेकलेल्या जागी सपाटी. चारही बदलले. बिलाचा निम्म्याहून मोठा भाग त्यातच गेला आणि त्यात मामांचा काही दोष नाही. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत रेडिएटर असतात. तिथे कडुलिंबाचा पाला कुजून बसला होता. छतामागच्या पाणी जायच्या नळ्याही तुंबलेल्या. त्या तुंबल्या की पाणी सरळ सीटखाली उतरतं आणि तिथे कंट्रोल युनिट असतं. आमचं थोडक्यात वाचलं, शेडला छप्पर होतं म्हणून.

आता अर्ध्या ताऱ्याचं. मामा फोन उचलत नाहीत आणि फोटो पाठवायची पद्धत नाही. काम कुठवर आलं ते जाऊनच बघावं लागतं. गाळ्याला पुढून दार नाही, त्यामुळे गाडी धुळीनं माखते, आणि ज्या गाडीचं कापडी छत आहे तिला हे बरं नाही. मी स्वतः सुती कव्हर नेऊन दिलं. एसीचा गॅस आणि छताची यंत्रणा ते करत नाहीत, 'ते माझं काम न्हाई' असं सरळ सांगतात. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. बिल हाती लिहिलेलं, पण प्रत्येक पार्ट वेगळा आणि मजुरी वेगळी. काढलेले जुने पार्ट पोत्यात भरून परत दिले, ते घरटंसुद्धा.

एक गोष्ट मात्र मामांकडून ऐकून मी ज्याला त्याला सांगत सुटलोय. गाडी उभी असली की दर आठवड्याला पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवायची, असं घरोघरी करतात. भावाच्या सांगण्यावरून आमचा ड्रायव्हरही बॅटरी होती तोवर तेच करायचा. पाच मिनिटांत तेल तापत नाही. जळण्यातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरात तसंच राहतं, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं, आणि स्टार्टरनं खाल्लेली बॅटरीसुद्धा भरून निघत नाही. एक तर गाडी काढा आणि तेल पूर्ण तापेपर्यंत, निदान पंचवीस-तीस किलोमीटर, चालवा. नाहीतर चावी लावूच नका. टाकी गळ्यापर्यंत भरा, ताजं ऑइल घाला, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि बॅटरीला भरली की आपोआप थांबणारा चार्जर जोडा. प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतं. हळदीची पोती मी शेडमधून हलवली आहेत.

विम्याचंही बघून घ्या. गाडी उभी आहे म्हणून पॉलिसी सोडली आणि मुदत संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) जातो आणि नव्यानं तपासणी करून घ्यावी लागते. भावाचा बोनस असाच गेला.

मामांकडे जायचं तर सोमवार सोडून, सकाळी दहाच्या आत. बारानंतर ते एखाद्या इंजिनात बुडालेले असतात आणि मान वर करत नाहीत. गाडी चालत नसेल तर स्वतः चालू करायच्या भानगडीत न पडता आधी गॅरेजवर जाऊन त्यांना घरी बोलवा, येण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, फक्त रिक्षाभाडं. आणि मेमध्येच जा, जूनच्या पहिल्या पावसानंतर गाळ्यात जागा मिळत नाही.