जुन्या पिकअपचे मागचे पाटे: ठोकून घ्यावेत, एक चढवावा की अख्खा संच नवा टाकावा?

बोलेरो पिकअपसारखी गाडी काही वर्षं भाजी, दूध, सिमेंट वाहून झाली की रिकामी असतानाही मागून बसलेली दिसते. पाटे (चेसिस पेलणाऱ्या एकावर एक पोलादी पट्ट्या, म्हणजे लीफ स्प्रिंग) दुरुस्त करणारा मग तीन पर्याय सांगतो: आहेत तेच पाटे ठोकून कमान काढायची, जादा पाटा चढवायचा, किंवा दोन्ही बाजूंचे संच नवे टाकायचे. कुठल्यावर पैसे घालायचे ते ठरवण्याआधी गाडी मोजा.

सपाट जागा, रिकामी गाडी, दोन्ही चाकांत सारखी हवा. चाकाच्या मध्यापासून सरळ वर चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत टेप लावा. डावी बाजू थोडी जास्त बसलेली निघाली तर नवल नाही. आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात. पाटे खोलल्यावर मेन, म्हणजे सगळ्यांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना, जिथे रबरी बुश बसतो तिथून, दोरी ताणून धरा आणि सेंटर बोल्टपाशी (पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) दोरी ते पाटा किती खोली आहे ते बघा. हेच माप नव्या पाट्यावर घेतलं की किती कमान गेली ते कळतं. शॉकअप बदलून गाडी उचलली जाईल या आशेवर पैसे घालवू नका. वजन पाटे पेलतात, शॉकअप फक्त उसळी आवरतो.

ठोकून घेणं सगळ्यांत स्वस्त, आणि बहुतेकदा पैसे वायाच. पाट्याचं पोलाद कडक करून, मग पाणी उतरवून (पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करून) तयार केलेलं असतं. थंड पाटा ठोकला तर कमान दिसते, पण भरलेली गाडी खड्ड्यांतून फिरली की ती पुन्हा बसते. शिवाय घणाचे खोल व्रण पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. गॅस लावून लाल करून वाकवला तर त्याहून वाईट: तेवढा भाग मऊ पडतो, आणि पाणी देताना (तापलेला पाटा झटकन थंड करताना) चुकलं तर ठिसूळ होतो. गाडी हलक्या कामाला असेल किंवा लवकरच विकायची असेल, तर एक वेळ ठीक. एका पाट्यालाही तडा दिसला तर हा पर्याय बाद.

जादा पाटा चढवण्यात खरी गंमत आकड्यांची आहे. पाच सारख्या पाट्यांत तेवढ्याच लांबीचा आणि जाडीचा सहावा घातला तर ताठपणा साधारण २० टक्के वाढतो. आखूड पाटा घातला तर त्याहून कमी. पण जाडी वाढली की हिशेब घनाने चालतो. ८ मिमीऐवजी ९ मिमीचे पाटे टाकले, तर पाट्यांची संख्या तीच राहूनही ताठपणा सुमारे ४२ टक्क्यांनी वाढतो. म्हणून ‘फक्त एक मिमी जाड’ असं म्हणत कोणी जाड संच पुढे केला, तर रिकाम्या गाडीत मागे बसणाऱ्याची कंबर आधी आठवा. रिकामी गाडी मागून उड्या मारते, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना मागची चाकं लवकर घसरतात. दुसरी अडचण अशी, की थकलेल्या पाट्यांत एकच नवा घातला तर त्याची कमान जास्त असल्याने बराचसा भार तोच घेतो आणि आधी तोच तुटतो. बाकीचे पाटे चांगले असतील आणि माल रोजच पासिंगच्या (गाडीला मंजूर असलेल्या वजनाच्या) जवळपास असेल, तरच जादा पाटा चढवा, तोही दोन्ही बाजूंना.

मूळ मापाचा पूर्ण संच महाग पडतो, पण गाडी बसली आहे आणि माल पासिंगइतकाच आहे, तर आम्ही तोच घ्यायला सांगू. कारण उंची, प्रोपेलर शाफ्टचा कोन आणि ब्रेकचा हिशेब सगळा मूळ जागी येतो. मागच्या ब्रेकला भारानुसार दाब देणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. जाड पाट्यांनी गाडी उंच झाली की भरलेली गाडीसुद्धा त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. त्यामुळे हेवी संच टाकलाच तर व्हॉल्व्हची सेटिंग करून घ्या आणि हेडलाइटही जुळवा.

पॅराबोलिक पाटे मधे जाड, टोकाकडे पातळ असतात. संख्येने कमी, एकमेकांवर घासत नाहीत, म्हणून चाल मऊ. मात्र घर्षण कमी असल्याने उसळी आवरायचं काम शॉकअपवर येतं. जुन्या शॉकअपवर गाडी डुलते. आणि दोनच पाटे असताना एक तुटला तर अर्धा आधार गेला. तुमच्या मॉडेलसाठीच बनलेला संच मिळत नसेल, तर जुगाड करून बसवू नका.

पाटे कसेही वाढवा, पासिंग वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच राहतात. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

बसवताना यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे), नट, सेंटर बोल्ट आणि बुश नवेच घ्या. ताणलेला जुना यू-बोल्ट पुन्हा नीट आवळला जात नाही, आणि ढिल्या यू-बोल्टमुळे पाटा नेमका सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो. पुढची चाकं अडवून चेसिस स्टँडवर घ्या, एक्सलला वेगळा जॅक लावा. नाहीतर पाटा सुटताच एक्सलचं वजन ब्रेकच्या होजवर येतं. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात पूर्ण बसलं का ते बोटाने चाचपा. ते बाहेर राहिलं तर एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. यू-बोल्टचे चारही नट तिरपे, थोडेथोडे आवळा. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे कसा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंची उंची परत मोजायची. नवे पाटे सुरुवातीला थोडे बसतात, पण दोन्हीकडे सारखेच बसायला हवेत.