स्टेथो घेताना: वेगळी बेल की ट्यूनेबल डायफ्राम?

इंटर्नशिप संपत आली की स्वतःचा चांगला स्टेथो (स्टेथोस्कोप) घ्यायचे वेध लागतात आणि प्रश्न इथेच अडतो. एका बाजूला बेल (खर्जातल्या आवाजांसाठी खोलगट वाटी), दुसऱ्या बाजूला डायफ्राम (वरच्या आवाजांसाठी ताणलेला सपाट पडदा) असा जुन्या वळणाचा घ्यायचा, की हलका टेकवला तर खर्जातले आणि दाबला तर वरचे आवाज देणारा एकतर्फी ट्यूनेबल? मी सुरुवात जुन्यावर केली, मधली चार वर्षं ट्यूनेबल वापरला आणि आता परत जुन्यावर आलोय.

ट्यूनेबलची सोय खरी आहे. छातीवरून हात न उचलता एस-टूवरून (हृदयाचा दुसरा ठोका, वरच्या पट्टीतला) एस-थ्रीवर (तिसरा, खर्जातला) जाता येतं. जुन्यात चेस्टपीस (छातीवर टेकवायचा भाग) फिरवावा लागतो आणि चुकीची बाजू चालू राहिली तर काहीच ऐकू येत नाही. बीपी आणि फुप्फुसांसाठी मला तरी फरक जाणवला नाही.

माझं अडलं ते दाबापाशी. आमच्या ओपीडीत डोक्यावर पंखा, शेजारी रडणारं बाळ, दारात रांग. गोंगाट वाढला की हात आपोआप जोर देतो. आणि ट्यूनेबलवर जोर पडला की नेमका खर्ज जातो.

सात महिन्यांची गरोदर बाई दम लागतो म्हणून आली होती. गरोदरपणात थोडा दम लागतोच, त्यामुळे तेवढ्यावर सोडून देणं सोपं होतं. एपेक्सवर (हृदयाच्या टोकाशी) पहिला ठोका ठसठशीत वाटला, मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) मात्र नाही. मनाला पटेना. "ताई, डाव्या कुशीवर वळा," म्हटलं, ड्रॉवरमधला जुना स्टेथो काढला आणि बेल जेमतेम टेकवली. डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैल होऊन भरत असताना, लांब कुठेतरी जातं फिरावं तशी घरघर. बेल दाबून पाहिली, घरघर गेली. हात सैल केला, परत आली. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) मायट्रल स्टेनोसिसच, म्हणजे हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली, निघाला. लहानपणीच्या संधिवाती तापाचा हा मागे राहिलेला आजार कितीदा गरोदरपणातच पहिल्यांदा बोलतो, कारण रक्ताचं प्रमाण आणि नाडीचा वेग दोन्ही वाढलेले असतात.

म्हणजे दाबली तर बेलही फसवते. खालची त्वचा ताणली जाऊन तीच डायफ्रामसारखी वागते. पण चेस्टपीस फिरवताना माझ्या हाताला आठवण होते की आता हलकं धरायचं. ट्यूनेबलवर ती आठवण होत नाही. दोष कदाचित माझ्या हाताचा असेल. शांत खोलीत बसणारे माझे हृदयरोगतज्ज्ञ मित्र ट्यूनेबलवर उत्तम ऐकतात. तुमची ओपीडी तशी असेल तर जरूर घ्या. बरगड्या दिसणारे कृश पेशंट आणि लहान मुलं जास्त असतील, तर मात्र मोठा सपाट डायफ्राम नीट बसतच नाही, कडेनं फट राहते. तिथे छोटी बेल बरी.

जुना घेतलात तर बेलच्या कडेला रबरी रिंग आहे ना, तेवढं बघा. थंड धातू लागला की पेशंट अंग चोरतो, श्वास धरतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं.