पहिली क्रूझ: मुंबईची बोट की सिंगापूरची?

धाकट्या जावेचा फोन रात्री साडेदहानंतर आला की समजावं, तिने कुठलं तरी बुकिंग अर्धं भरून ठेवलंय. या वेळी क्रूझ होती. "वहिनी, मुंबई-गोवा घेऊ की सिंगापूर? दोन्ही पानं उघडी आहेत, दर वाढायच्या आत सांगा." जाणार कोण, तर ती, भाऊजी, नऊ वर्षांचा चिरंजीव आणि आमच्या सासूबाई. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात आणि पासपोर्टची मुदत केव्हाच संपलेली.

मी दोन्हीकडे जाऊन आले आहे. मुंबईहून दोन रात्रींची गोवा फेरी केली आणि सिंगापूरहून मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत अशी चार रात्रींची. तिला फोनवर जे तासभर सांगितलं, ते इथे जरा नीट मांडते.

पहिल्यांदा तिकिटाचा आकडा बाजूला ठेवा आणि तास मोजा. दोन रात्रींची बोट म्हणजे शुक्रवारी दुपारी बॅलार्ड पिअरला रांगेत उभं राहायचं, तपासणी, जेवण, मग सुरक्षा कवायत, आणि संध्याकाळी बोट सुटते. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास तुम्ही पुन्हा मुंबईच्या टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत असता. दुपारी दोनला चढलात असं धरलं तरी हातात येतात त्रेचाळीस तास. झोपेचे सोळा वजा करा, उरले सत्तावीस. त्यातले पहिले चार-पाच "पाचव्या मजल्यावरून जेवणाच्या हॉलला कसं जायचं" हे शोधण्यात जातात. बोट अंगवळणी पडेस्तोवर बॅग भरायची वेळ येते.

सिंगापूरच्या चार रात्रींमध्ये हे होत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हाला आवडती खुर्ची सापडते, तिसऱ्या दिवशी वाढपी तुमचा चहा ओळखतो. पण त्या चार रात्रींसाठी रजा लागते आठवड्याची. मुंबईहून विमान साडेपाच तासांचं, घड्याळ अडीच तास पुढे, आणि बोट सुटायच्या आदल्या दिवशी सिंगापुरात पोचलंच पाहिजे. जुने प्रवासी या एका मुद्द्यावर ऐकूनच घेत नाहीत. विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. मुंबईच्या बोटीलाही हाच नियम लावा. पुण्याहून त्याच दिवशी सकाळी निघून घाटात अडकलात तर बंदराच्या ग्रीन गेटवर कोणी तुमची वाट बघत बसणार नाही.

आता बोटींबद्दल. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' चालते. ही १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली बोट, मूळ नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. अमेरिकेत तीन-चार रात्रींच्या लहान फेऱ्यांसाठीच ती मुद्दाम बांधली होती, आणि २०२१ पासून ती आपल्याकडे आहे. म्हणजे बोट जुनी, पण काम तिच्या अंगचंच. त्या काळात बाल्कनीची फॅशन नव्हती, त्यामुळे बाल्कनीच्या खोल्या मोजक्या आणि महाग. बाकीच्या खोल्या आटोपशीर. दोघांना पुरतात, चौघांना एकमेकांची परवानगी घेऊन वळावं लागतं. सिंगापूरची 'जेंटिंग ड्रीम' २०१६ची, लांबी ३३५ मीटर आणि एम्प्रेसच्या तिप्पट आकाराची. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या तिथल्या बोटी त्याहूनही मोठ्या असतात, पण कुठल्या हंगामात कुठली बोट असेल ते बदलतं, म्हणून बोटीचं नाव बघूनच बुकिंग करा. नऊ वर्षांच्या मुलाला पाण्याच्या घसरगुंड्या हव्या असतील तर मोठी बोट निर्विवाद जिंकते. सासूबाईंच्या गुडघ्यांना मात्र मोठी बोट म्हणजे शिक्षा. खोलीपासून नाश्त्यापर्यंतचा पॅसेज संपता संपत नाही. माझं मत सांगू? ज्येष्ठांना लहान बोट जास्त मानवते.

आणि मग तो प्रश्न, जो आपल्याकडे कोणी मोठ्याने विचारत नाही: बोट लागेल का?

माझी आजी लग्न होऊन भाऊच्या धक्क्याहून कोकणच्या बोटीत बसली ती लिंबू हुंगत, तोंडात आवळासुपारी धरून, आणि तरी बोट लागलीच. ते वर्णन घरात इतकं रंगवून सांगितलं जायचं की समुद्र म्हटलं की आम्हाला आधी लिंबू आठवतं. आजच्या बोटींना दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, त्यामुळे आडवं डोलणं बरंच कमी होतं. पुढचं टोक वर-खाली होतं त्यावर मात्र पंखांचा इलाज चालत नाही. म्हणून खोली निवडताना बोटीच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर घ्या. सी-सॉच्या फळीवर मधे बसलं की वर-खाली होणं कमी लागतं, तसंच. वरची, टोकाची, भारी खोली घेऊन रात्रभर उशी धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

समुद्राच्या बाबतीत सिंगापूरचं पारडं जड आहे. पेनांग-फुकेतकडे जाणारी वाट मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते. एका अंगाला सुमात्रा, दुसऱ्या अंगाला मलेशिया, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा तळ्यासारखं. अरबी समुद्राचं तसं नाही. जून ते सप्टेंबर विषयच नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि मे महिन्यात वादळं उठतात. डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र आपला समुद्रही शहाण्यासारखा वागतो. तेव्हा मुंबईहून जायचं तर जानेवारी धरा. एव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची. एकदा पोट ढवळलं की गोळी पोटात टिकेपर्यंत रात्र संपते.

कागदपत्रांत मुंबई जिंकते, तेही सहज. गोव्याच्या फेरीला आधार कार्ड पुरतं. लक्षद्वीपची फेरी घेतलीत तर बेटांवर उतरायला परवाना लागतो, त्याचे कागद कंपनी आधी मागून घेते. सिंगापूरला पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा, व्हिसा हवा, आणि तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना हे डोळ्यांनी वाचून घ्या. कारण तुम्ही विमानाने सिंगापुरात शिरता, बोटीने बाहेर पडता आणि पुन्हा शिरता. म्हणजे दोन प्रवेश. आगमनाचा ऑनलाइन अर्जही दोनदा. मलेशिया आणि थायलंडने अलीकडे भारतीयांना व्हिसामाफी दिली आहे, पण अशा सवलती मुदतीच्या असतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी पुन्हा तपासायचं. एजंट "सगळं होतं मॅडम" म्हणाला तरी.

बंदरांवर थोडं थांबते, कारण इथेच लोकांची निराशा होते. गोव्याला बोट मुरगावला लागते. तिथून पणजी तीस-एक किलोमीटर. टॅक्सी ठरवा, जा, मंगेशी नाहीतर जुन्या गोव्यातली चर्चं बघा, एक मासळीची थाळी खा आणि घड्याळ बघत परत या. गोवा बघायला म्हणून ही बोट घेऊच नका. गोवा बघायचा तर कोकण रेल्वे आहे. ही फेरी बोटीसाठीच घ्यायची असते. लक्षद्वीपला तर मोठ्या बोटीला धक्काच नाही. ती लांब उभी राहते आणि लहान होड्यांतून बेटावर नेतात. हलत्या शिडीवरून हलत्या होडीत पाय टाकायचा असतो. सासूबाईंसाठी तो बेत मी तिथेच खोडला. शिवाय समुद्र खवळलेला असेल तर उतरणं रद्द होतं, आणि त्यावर वाद घालून उपयोग नसतो.

पेनांग याच्या अगदी उलट. बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि फाटकाबाहेर पडलात की तुम्ही जॉर्जटाऊनमध्येच असता. २००८ पासून हे गाव युनेस्कोच्या यादीत आहे. पायी पंधरा मिनिटांत लिटल इंडिया, तमिळ गाणी, केळीच्या पानावर भात. टॅक्सी नको, बोटीची महागडी सहलही नको. क्वालालंपूर दाखवणाऱ्या फेऱ्यांत मात्र फसू नका. बोट पोर्ट क्लांगला लागते आणि तिथून शहर तास-सव्वातास लांब. जाणं-येणं आणि तिथल्या जुळ्या मनोऱ्यांसमोरचा फोटो, संपला दिवस.

फुकेतचा किस्सा सांगायलाच हवा. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. आमच्या बोटीने सिंगापूरचीच वेळ कायम ठेवली होती आणि पातोंगच्या किनाऱ्यावरून बोटीकडे नेणारी शेवटची होडी साडेचारला होती. आमचे अहो शहाळं पीत खुर्चीत रेलले होते. मोबाईलमध्ये तीन वाजून दहा मिनिटं. "आणखी एक सांगू का? सव्वा तास आहे." माझ्या मनगटावर जुनं एचएमटी होतं, किल्लीचं, त्याला थायलंडशी काही देणंघेणं नाही. त्यात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मोबाईलने किनाऱ्यावर पाय पडताच गुपचूप स्थानिक वेळ घेतली होती. शहाळ्याची मलई तशीच टाकून आम्ही वाळूतून धावलो. तेव्हा हातातलं घड्याळ न्या आणि ते बोटीच्या वेळेवर ठेवा. बोटीने काढलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, तुमच्या शहाळ्यासाठी थांबत नाही.

जेवणाची चिंता दोन्हीकडे फारशी नको. मुंबईच्या बोटीवर शाकाहारी आणि जैन जेवण हा नियमच आहे, सकाळी पोहे-उपमा मिळतात. जेंटिंग ड्रीमवरही भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे. रॉयल कॅरिबियनला बुकिंग करतानाच लिहून कळवा, ऐनवेळी मागू नका.

पैशांचं आता. जाहिरातीतला दर एका माणसाचा असतो आणि तोही दोघांनी खोली वाटून घेतली असं धरून. एकटं जायचं तर बहुतेक ठिकाणी दोघांचे पैसे भरा. त्यावर बंदर शुल्क आणि कर. मग सेवा शुल्क, ज्याला ते बक्षिसी म्हणतात पण द्यावीच लागते. रॉयल कॅरिबियनसारख्या बोटीवर ती माणशी रोज १८ डॉलरच्या आसपास. चौघांचे, चार रात्रींचे झाले २८८ डॉलर, आणि लहान मुलगाही यात पूर्ण माणूस. सिंगापूरच्या हिशोबात विमान, व्हिसा, बोटीआधीची हॉटेलची रात्र आणि प्रवास विमा धरा. विम्यावर काटकसर नको, बोटीवरचा डॉक्टर बिल हातात देतो आणि आपला इथला मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही. हे सगळं मांडलं की सिंगापूर मुंबईच्या काही पटींत जातं. पण प्रत्येक रात्रीचा भाव काढलात तर निव्वळ बोटीच्या भाड्यात फरक वाटतो तेवढा राहत नाही. मे महिना, आणि सिंगापुरातल्या शाळांना सुट्ट्या असतात तो जून आणि डिसेंबर टाळा. मुंबईला शनिवार-रविवार सोडून मधल्या वारांची फेरी बघा.

मोबाईल बोट सुटताच एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात तो बोटीचं स्वतःचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल घरी येतं. चढताना मोठी बॅग धक्क्यावरच देतात आणि ती खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते. पहिल्या खेपेला माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेत होत्या. औषधं, एक कपड्यांचा जोड आणि पोराचा पोहण्याचा पोशाख खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. शेवटच्या रात्री उलटं: मोठी बॅग दाराबाहेर ठेवायची असते, तेव्हा सकाळचे कपडे आधी काढून घ्या. एक गृहस्थ नाईट पायजम्यात उतरले होते. इस्त्री, किटली, एक्सटेन्शन बोर्ड यांना बंदी असते. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, म्हणून चुंबकाचे चार हुक न्या, ओले टॉवेल कुठे टाकायचे हा प्रश्न मिटतो.

मग जावेला काय सांगितलं? सासूबाई येणार असतील तर मुंबई, जानेवारीत, खालच्या मजल्यावर मधोमध, दोन लागून असलेल्या खोल्या, आणि दोन रात्रींऐवजी तीनची फेरी मिळाली तर तीच. त्यांच्याशिवाय जायचं असेल आणि आठवडाभर रजा मिळत असेल तर मुंबईत पैसे घालूच नका, थेट सिंगापूर, आणि पेनांग असलेलीच फेरी.

तिने जानेवारीची मुंबई ठरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, रात्री साडेदहा. "वहिनी, आई चकल्या करायला बसल्यात बोटीसाठी. चालतात का?" म्हटलं, सीलबंद पाकिटातल्या बहुधा चालतील, घरच्या डब्यातल्या तपासणीत काढून घेतात. पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, "तुम्हीच सांगता का त्यांना?"