बारा ट्यूबांची पेटी, वर्षभर पिळून झाल्यावर

पेटीच्या झाकणावर केशरी झाडांखालून दोन माणसं एका छत्रीत चाललेली दाखवली आहेत. त्या झाकणावरच मी भाळले. आत तैलरंगाच्या बारा ट्यूब, प्रत्येकी ३७ मिली, आणि एक पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची सुरी. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या बरेच जण काढतात, आणि मला जे उशिरा कळलं ते कुठल्याही पेटीचं लेबल वाचताना कामी येईल. माझा व्यवसाय प्रुफरीडिंगचा. दिवसभर लोकांची बारीक अक्षरं वाचते, पण ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं मात्र पहिले तीन महिने वाचली नाहीत.

ब्रशऐवजी सुरीने रंगवायचं वेड लागलं ते चित्रकार लिओनिद अफ्रेमोव्ह यांच्या चित्रांमुळे. जन्म १९५५, बेलारूसमधलं व्हितेब्स्क, म्हणजे चित्रकार शगालचंच गाव. १९९०मध्ये इस्रायल, पुढे अमेरिका, शेवटी मेक्सिको, आणि २०१९मध्ये तिथेच मृत्यू. गॅलऱ्यांच्या भरवशावर न राहता हा माणूस इंटरनेटवरून चित्रं विकत राहिला. ओले रस्ते, दिवे, पानगळीची झाडं, पुन्हा ओले रस्ते. समीक्षक त्याला फारसं मनावर घेत नाहीत, आणि विषय तेच ते आहेत हे मलाही मान्य आहे. पण एखादं चित्र मोठं करून दिव्याजवळचा कोपरा बघा. पिवळ्याला खेटून निळा, निळ्याला खेटून लाल, सगळे सुटे. एकमेकांत घोटलेलं फारसं काही नाही आणि खाली काळोख. झगमगाट त्या काळोखामुळे येतो. मला तेवढंच शिकायचं होतं.

म्हणून कॅनव्हास आधी गडद करून घेतला, वाळू दिला, आणि त्यावर या पेटीतल्या ‘कॅडमियम यलो ह्यू’चा एक जाड ठिपका ठेवला. रस्त्यावरचा दिवा. ठिपका ठेवला तेव्हा पिवळा होता, पण कडेला जिथे पातळ झाला तिथे हिरवट दिसू लागला. अजून रंग थापला तर मधे पिवळा आणि भोवती शेवाळ. दोन रात्री मी स्वतःच्या हाताला दोष दिला. मग ट्यूब उलटी केली.

‘ह्यू’ या शब्दात सगळी मेख आहे. म्हणजे रंग कॅडमियमसारखा दिसतो, कॅडमियम हा धातू त्यात नाही. दुसरी सेंद्रिय पिवळी रंगद्रव्यं आणि थोडा पांढरा. ट्यूबमागे आतल्या रंगद्रव्याचा कोड छापलेला असतो, अस्सल कॅडमियम पिवळ्यावर पीवाय ३५ (पीवाय म्हणजे पिगमेंट यलो). तो अपारदर्शक असल्यामुळे काळ्यावरसुद्धा बसतो. नकली अर्धपारदर्शक असल्याने खालचा काळा वर डोकावतो, आणि काळ्यावर पातळ पिवळा हिरवाच दिसणार. कोबाल्ट ब्लू ह्यूची तीच कथा: मागे तीन कोड, त्यातला एक पांढरा. नारिंगीत मिसळला की धुळकट राखाडी. ह्यू वाईटच असतो असं नाही, सरावाला चालतो, पण भडक चित्राची हौस असलेल्यांनी एका ट्यूबमध्ये एकच कोड असलेले रंग शोधावेत.

या हिशेबाने पेटीतल्या पाच ट्यूब पास. अल्ट्रामरीन (पीबी २९) फार सुंदर, दाट, सुरीला चिकटून येतो. थॅलो ग्रीन (पीजी ७) इतका तिखट की ज्वारीच्या दाण्याएवढा घेतला तरी पुरतो, आणि शर्टाला लागला की शर्ट गेला. लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना ठीक.

पांढऱ्यावर माझा खरा राग आहे. सुरीने काम करताना सगळ्यात जास्त पांढरा लागतो. १६ बाय २० इंचाच्या दीड चित्रात माझी ट्यूब संपली. इतर अकरांइतकाच पांढरा देणाऱ्याने स्वतः सुरीने रंगवलेलं नसावं. शिवाय पुढे ‘टायटॅनियम व्हाइट’ लिहून मागे पीडब्ल्यू ६च्या, म्हणजे टायटॅनियमच्या, शेजारी पीडब्ल्यू ४, म्हणजे झिंक. तेलातला झिंक वर्षानुवर्षांनी ठिसूळ होतो, थर तडकतो, सुटतो. जाड थरात तो मला नको.

क्रिमसनची, म्हणजे गडद लालची, परीक्षा मी मुद्दाम घेतली. कागदी पट्टीवर अ‍ॅलिझरिन क्रिमसन (पीआर ८३), अर्धा तसाच, अर्धा पांढऱ्यात मिसळून, दोन्हींचा निम्मा भाग काळ्या कार्डाने झाकला आणि पट्टी उन्हाच्या खिडकीत चिकटवली. अकरा महिन्यांनी कार्ड काढलं. झाकलेला गुलाबी होता तसा. उघडा भाग कळकट पांढरा, त्यात गुलाबी होता हे सांगावं लागेल असा. व्हॅन गॉगच्या १८८८च्या ‘शयनगृह’ या चित्रातल्या भिंती मुळात जांभळट होत्या, त्यातला लाल उडाला आणि आज आपण त्या निळ्या पाहतो. माझी भिंत तेवढी प्रसिद्ध नसली तरी मला ती जांभळीच हवी आहे. आता त्याऐवजी क्विनॅक्रिडोन (पीव्ही १९) हा उन्हात टिकणारा लाल वापरते.

सोबतची सुरी सरळ दांड्याची आणि ताठ. पॅलेटवर रंग कालवायला ठीक, पण चित्रावर टेकवली की बोटं ओल्या रंगात. चित्रासाठी गवंड्याच्या थापीसारखा मानेत बाक असलेली हवी, आणि पातं लवचिक. पेटीतली तिसऱ्या महिन्यात जोडापाशी तुटली.

एक गोष्ट पेटीतल्या माहितीपत्रकात ठळक हवी होती, ती नाही. तैलरंग पाण्यासारखा वाफ होऊन वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, तेही वरून आत. जाड थराला वर साय धरते आणि आत महिनोन्‌महिने लोणी असतं. या रंगांतल्या जवसाच्या तेलाने माखलेली फडकी तर चुरगळून टोपलीत टाकूच नका, आपोआप पेट घेऊ शकतात. मी पसरून वाळवते.

सायीचा अनुभव मला मुलीने दिला. दोन महिन्यांपूर्वीचं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ती म्हणाली, “आई, हा रस्ता पावसाने ओला आहे की अजून खरंच ओला आहे?” आणि उत्तराची वाट न बघता अंगठा दाबला. नेमका दिव्यावर. साय फुटली, आतला ताजा पिवळा वर आला, आणि त्यावर तिच्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या. पिवळा अर्थातच तो ह्यू.

पेटी पुन्हा घेणार का? नाही. पाच ट्यूब सुट्या घेईन, मोठा निर्झिंक पांढरा आणि पीवाय ३५ वेगळा. अंगठ्याचा ठसा सुरीने सारवायला गेले होते, पण तोवर त्यावर पुन्हा साय धरली होती. राहू दिला.